आधी तारलीचं डोकं

पेंग्विनच्या पिल्लाला मासा भरवायचा तो डोक्याकडून. शेपटीकडून दिला तर खवले आणि पर उलटे उभे राहतात, घशाला टोचतात आणि पिल्लू सगळं बाहेर काढतं. पहिल्या दिवशी मला हे सांगितलं तेव्हा मी लगेच मान हलवली. मालवणात आमच्या घरामागच्या व्हाळावर खंड्या बसायचा. मासा धरला की फांदीवर दोन-तीनदा आपटायचा, चोचीतल्या चोचीत फिरवून घ्यायचा आणि मग डोकं आधी आत. मी आणि भाऊ ते बघत तासन् तास बसायचो. तीच गोष्ट पुढे एवढ्या लांब जाऊन माझ्या हाताने करायची वेळ येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं केपटाऊनला होतो. मुलगा शाळेत गेला की दुपारपर्यंत घर रिकामं. शेजारच्या बाई, वय सत्तरीच्या पुढे, दर मंगळवारी रबरी बूट गाडीत टाकून कुठेतरी जायच्या आणि दुपारी अंगाला मासळीचा वास घेऊन परतायच्या. तो वास मला परका नाही, माहेरी रापणीत, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, आमचा वाटा होता. एकदा मीच विचारलं, तर म्हणाल्या, उद्या चल माझ्याबरोबर. अशी मी टेबल व्ह्यूमधल्या सॅनकॉबच्या केंद्रात पोचले. ही संस्था १९६८ पासून समुद्रपक्ष्यांसाठी काम करते. तेलात माखलेले, जखमी, उपाशी पक्षी तिथे आणतात, बरे झाले की पुन्हा समुद्रात सोडतात. मी गेले तो नोव्हेंबर होता आणि केंद्र पिल्लांनी भरलेलं होतं. इतकी पिल्लं एकदम का येतात ते नीट समजायला मला तीन मंगळवार लागले. आज मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

पण आधी बर्फाचा विषय संपवते. मी पेंग्विनांकडे जाते म्हटल्यावर मावशीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "स्वेटर नेलास ना गं?" पेंग्विन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अंटार्क्टिका येतं. जगात पेंग्विनांच्या अठराएक जाती आहेत आणि त्यातल्या मोजक्याच बर्फाच्या मुलखात राहतात. एम्परर पेंग्विन खराच तसा. मीटरभराहून उंच, तीस किलोच्या वर वजन, आणि अंधाऱ्या हिवाळ्यात बाप पायांवर अंडं घेऊन दोन महिने न खाता उभा. पण गालापागोस बेटांवरचा पेंग्विन विषुववृत्तावर राहतो. राणीच्या बागेत काचेमागे आपण जे बघतो ते हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, जिथे मागे जवळजवळ वाळवंट आहे. आफ्रिकन पेंग्विन त्यांचा सख्खा चुलतभाऊ. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेचा किनारा सोडून तो कुठेच नाही. ऊन कडक, पाणी मात्र हाडं गोठवणारं, कारण बेंगेला नावाचा थंड प्रवाह त्या किनाऱ्याने वर वाहतो. थंड पाणी खालून वर येतं, त्याबरोबर खनिजं वर येतात, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतं आणि प्लवकावर तारली नि तिचे भाईबंद. बर्फ असो वा नसो, पेंग्विनला फरक पडत नाही. मासळी पोहून पोचता येईल इतक्या अंतरावर आहे की नाही, एवढंच त्याला लागतं.

उन्हाचं काय करतो, ते सायमन्स टाऊनच्या बोल्डर्स किनाऱ्यावर अगदी जवळून दिसतं. तिथे १९८० च्या दशकात पहिली जोडपी येऊन राहिली आणि मग बंगल्यांच्या रांगेशेजारी वस्तीच झाली. वाहनतळावर पाटी आहे, गाडी काढण्याआधी खाली पेंग्विन बसलाय का ते बघा. मीही दर वेळी वाकून बघायचे. दुपारी ते उन्हाकडे पाठ करून, पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून धापा टाकत उभे असतात. डोळ्याच्या वर पिसं नसलेला कातडीचा एक पट्टा असतो. अंग तापलं की रक्त त्या पट्ट्याकडे धावतं आणि उष्णता तिथून बाहेर पडते. सकाळी फिकट दिसलेला पट्टा दुपारी जास्वंदीच्या कळीसारखा गडद झालेला मी पाहिला आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, आम्ही जायच्या आधी, याच वस्तीत मधमाश्यांच्या एका थव्याने ६३ पेंग्विन मारले. अंगावर इतकी दाट पिसं की नांगी आत जाणार नाही. माश्यांनी डंख केले ते डोळ्यांभोवतीच, त्या उघड्या कातडीवर. शेजारच्या बाई हे सांगताना मध्येच थांबल्या आणि त्यांनी पुढे सांगितलंच नाही.

या पक्ष्याचं खरं घर म्हणजे बीळ, आणि ते माणसाने नेलं. हजारो वर्षं समुद्रपक्ष्यांची विष्ठा त्या बेटांवर साचत गेली होती, कित्येक मीटर जाडीचा थर. पेंग्विन त्यात पोखरून घरटं करायचा. आत सावली, गारवा, पावसापासून आडोसा. मग युरोपात कळलं की ही साचलेली विष्ठा, ग्वानो, म्हणजे उत्तम खत. १८४० च्या दशकात नामिबियाजवळच्या इचाबो नावाच्या लहानशा बेटाभोवती शेकडो जहाजं नांगर टाकून उभी राहिली आणि थोड्याच काळात बेट खरवडून खडकापर्यंत साफ केलं. पुढे बाकीच्या बेटांचीही तीच गत. आता पेंग्विन उघड्या जमिनीवर किंवा झुडपाखाली अंडी घालतात. दोन अंडी, चाळीसएक दिवस आईबाप आळीपाळीने बसतात. पण फार ऊन झालं की बसलेल्या पक्ष्याला अंडी टाकून पाण्याकडे धावावं लागतं, आणि जोराचा पाऊस झाला की घरटं भरतं. अंडीही माणसं गोळा करून खायची, १९६० च्या दशकापर्यंत चालू होतं ते. आता संस्था मातीच्या कुंडीसारखी तयार घरटी नेऊन ठेवतात. अशा एका घरट्यात मी हात घालून पाहिला आहे. आत आमच्या माठाच्या कोनाड्यातला गारवा होता.

आता केंद्रातलं काम. पहिल्या महिन्यात मला पक्ष्याला हात लावू दिला नाही. चटया घासायच्या, टॉवेल धुवायचे, पाट्या पुसायच्या. मासे वितळवून, निवडून ठेवायचं काम आलं तेव्हा माझा जीव रमला. फाटलेल्या पोटाचा मासा बाजूला, कल्ले फिके पडलेला बाजूला. मी बोटांनीच निवडायचे, बघावंसुद्धा लागायचं नाही. गोठवलेल्या माशातली काही जीवनसत्त्वं कमी होतात म्हणून गोळी द्यावी लागते, ती माशाच्या कल्ल्यात दडवायची. तिथली मुख्य मुलगी माझ्या लेकीच्या वयाची म्हणावी अशी. तिने एकदा माझी टोपली बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या मुलांना निवड शिकवायला माझ्याकडे पाठवू लागली.

मग भरवायला बसवलं. कोपरापर्यंत जाड बाह्या, हातमोजे, मेणकापडाची विजार, बुटकं स्टूल. पक्षी गुडघ्यांमध्ये धरायचा, डावा हात डोक्यामागून. रानातला पेंग्विन मेलेला मासा अन्न म्हणून ओळखतच नाही. तो आयुष्यभर पळणाऱ्या माशामागे गेलेला, हातात लोंबणारी तारली त्याच्या लेखी काहीच नाही. म्हणून चोच हळूच उघडून मासा घशापर्यंत न्यायचा, मग तो आपोआप गिळतो. पहिला आवंढा गेला की हाताखाली मान एकदम सैल पडते. ते बोटांना कळतं. पिल्लू असलं तरी चोचीचं टोक आकडीसारखं असतं आणि वल्ह्यासारखे पंख मनगटावर बसले की पट्टीने मारल्यासारखी ठणक लागते. इतर बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, याची भरीव. बुडी मारायची तर वजन हवं. तीन किलोचा पक्षी, पण उचलल्यावर पिसांचं गाठोडं वाटत नाही, भरलेला तांब्या उचलल्यासारखा वाटतो.

चोचीच्या टोकावर सतत एक थेंब लोंबत असे. मला वाटलं सर्दी आहे, मी घाबरून सांगायला गेले. ते मीठ होतं. डोळ्यांच्या वर एक ग्रंथी असते, ती समुद्राच्या पाण्यातलं मीठ रक्तातून गाळून काढते आणि ते खारं पाणी नाकपुडीतून चोचीवर येतं. पक्षी मान झटकतो आणि थेंब उडवून देतो. माझ्या चष्म्यावर ते थेंब वाळून पांढरे डाग पडायचे.

आणि आवाज! नर घशातून असा ओरडतो की डोळे मिटले तर अंगणात गाढव शिरलंय असंच वाटावं. केंद्रात एकाने सुरू केलं की सगळे. इतक्या गलक्यात जोडीदार एकमेकांचा आवाज बरोबर ओळखतात. छातीवरचे काळे ठिपकेही प्रत्येकाचे वेगळे. मी भरवायचे त्या एका मादीच्या छातीवर डावीकडे तीन ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे.

आता त्या पिल्लांकडे येते.

पेंग्विनचं पीस म्हणजे त्याचा रेनकोट आणि त्याची गोधडी, दोन्ही. लहान, कडक, एकावर एक कौलांसारखी बसलेली पिसं, मुळाशी लव, आणि लवेत अडकलेली हवा. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिथलं तेल चोचीने घेऊन तो दिवसातले किती तास पीसन् पीस साफ करतो. तरी वर्षभर मीठ, ऊन, खडक यांनी पिसं झिजतात. बाकीचे बहुतेक पक्षी थोडी थोडी पिसं टाकतात, त्यांचं उडणं थांबत नाही. पेंग्विनने असं केलं तर जिथे पीस नाही तिथून थंड पाणी आत शिरेल आणि तो गारठून मरेल. म्हणून तो वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम टाकतो. त्या पीसझडीला तीन आठवडे लागतात. ते तीन आठवडे पाण्यात जायचं नाही, म्हणजेच खायचं नाही.

तसा एक पक्षी मी बोल्डर्सवर बराच वेळ बघत बसले होते. फाटक्या गादीतून कापूस बाहेर यावा तशी जुनी पिसं झुबक्याझुबक्यांनी लोंबत होती आणि त्यांच्या खालून नवी, निळसर काळी, ओली दिसणारी पिसं त्यांना ढकलत होती. भोवती जमीन पिसांनी पांढरी. तो हलत नव्हता. चार पावलांवर लाट येऊन परत जात होती, आणि तो तिच्याकडे बघत होता.

या उपवासाची तयारी आधी करावी लागते. पाचएक आठवडे समुद्रात राहून तो पोट भरभरून खातो, वजन तिसऱ्या हिश्शाने तरी वाढवतो, आणि त्या चरबीवर तीन आठवडे काढतो. शेवटी जवळपास निम्म्यावर येतो. जेमतेम मासळी मिळालेला पक्षी पीसझड पुरी होण्याआधीच संपतो, किंवा नवी पिसं येतात पण समुद्रात जायचं बळ उरत नाही. आणि ही वेळ त्याच्या हातात नसते. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत शरीर आपलं आपण सुरू करतं. त्या वेळी घरट्यात उशिराचं पिल्लू असेल तर? मासे जवळ असते, तर ते एव्हाना मोठं होऊन निघूनही गेलं असतं. पण आईबापाला मासळीसाठी लांब लांब जावं लागलं, पिल्लू हळू वाढलं, आणि आता शरीराने हाक दिली. आईबाप समुद्रात जातात ते परत येत नाहीत. पिल्लू बिळाच्या तोंडाशी बसून राहतं.

नोव्हेंबरमध्ये केंद्रात येतात ती हीच. २००६ पासून अशी पिल्लं उचलून आणायची, वाढवायची आणि सोडायची हे काम पद्धतशीर चाललं आहे. नव्याने आलेल्या एका बाईने तिथे माझ्यादेखत म्हटलं, कसली ही आई, पोटचं टाकून जाते. मला ते सहन झालं नाही. माझं इंग्रजी फार चांगलं नाही, तरी मी तिला सांगितलं की ती गेली नसती तर दोघंही मेली असती. झिजल्या पिसांनी तिला मासा आणता आला नसता, आणि पिसं टाकायला बसली असती तर तीन आठवडे पिल्लू तिच्यासमोर उपाशी राहिलं असतं. दोष द्यायचाच तर मासा लांब का गेला ते विचारा.

मासा का लांब गेला? थोडा समुद्र बदलला, तारली आणि अँकोव्ही, ही तिच्यासारखीच लहान मासळी, पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेकडे सरकली. आणि फार मोठा भाग जाळ्याचा. तिथे ही मासळी पर्ससीन जाळ्यांनी पकडतात. तो शब्द केपटाऊनमध्ये ऐकला तेव्हा मी घरातच आहे असं वाटलं. आमच्या सिंधुदुर्गात रापणकार आणि पर्ससीनवाले यांचे वाद मी शाळेतून येताना बंदरावर ऐकले आहेत, वडील रात्री जेवताना त्याबद्दलच बोलायचे. तारलीचा थवा दिसला की पूर्ण घेरून, तळ आवळून उचलायचा. रापणीला मग काय येणार? पेंग्विन तर रापणकाराहूनही अडलेला. तो एका दमात साधारण तीसेक मीटर खाली जातो, ताशी वीस किलोमीटरपर्यंत पोहतो, पण पिल्लू असताना संध्याकाळी घरी परतायचं असतं. वस्तीपासून फार लांब जायची त्याला सोय नाही.

शंभर वर्षांपूर्वी हे पक्षी दहा लाखांच्या वर होते. आता जुगणारी जोडपी दहा हजारांहून कमी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरली, पेंग्विनांच्या सगळ्या जातींत त्या यादीत जाणारी पहिलीच. त्या दिवशी केंद्रात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पुढे मार्च २०२५ मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयाच्या आदेशाने सहा मुख्य वस्त्यांभोवती तारली-अँकोव्हीची व्यापारी मासेमारी दहा वर्षांसाठी बंद झाली. त्यासाठी सॅनकॉब आणि बर्डलाइफ साउथ आफ्रिका या पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या दोन संस्था कोर्टात गेल्या होत्या. बातमी कळली तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवून मी आधी मालवणला भावाला फोन केला. तो म्हणाला, "पाखरांसाठी कोर्ट उभा रवला?" आणि बराच वेळ काही बोलला नाही.

पूर्वेकडे, जिथे मासा गेला तिथे, पेंग्विनांना नवं गाव वसवून द्यायचाही प्रयत्न चालू आहे. डी हूपच्या किनाऱ्यावर कुंपण घालून, सिमेंटचे पेंग्विन उभे करून, ध्वनिक्षेपकावर गाढवासारखी ती ओरड लावून ठेवली. गर्दी दिसली, आवाज आला, तरच हा पक्षी उतरतो. २०२२ मध्ये तिथे पहिल्यांदा अंडी घातली गेली.

शेजारच्या बाई मात्र अजून सन २००० मध्ये असायच्या. त्या जूनमध्ये ट्रेझर नावाचं लोहखनिजाचं जहाज रॉबेन आणि डासेन बेटांच्या मध्ये बुडालं आणि तेल दोन्ही वस्त्यांकडे सुटलं. तेलात माखलेले सुमारे एकोणीस हजार पक्षी उचलून आणले. तेल लागलं की पिसांची कौलं उघडतात, आतली हवा जाते, आणि पक्षी आपल्याच पिसांवरचं तेल चोचीने काढताना ते गिळतो. बाईंसारखी हजारो माणसं शहराच्या कानाकोपऱ्यातून आली. डोक्यापाशी, डोळ्यांच्या कडेने दात घासायच्या ब्रशने धुवायचे. जे पक्षी अजून स्वच्छ होते, तेही जवळजवळ तितकेच, त्यांना गाड्यांतून पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडलं, की पोहत घरी येईपर्यंत तेल ओसरेल. तिघांच्या पाठीवर उपग्रहाने माग काढणारी यंत्रं बसवली होती. पीटर, पामेला आणि पर्सी. रोज ते कुठवर आले हे सगळा देश बघत होता. आठशे किलोमीटरहून जास्त अंतर, किनाऱ्याकिनाऱ्याने. तिघंही पोचली. बाईंनी त्या वेळच्या वर्तमानपत्राचं कात्रण फ्रिजवर लावलेलं होतं, पिवळं पडून त्याच्या कडा गळत होत्या. दर मंगळवारी निघताना त्या त्याला बोट लावायच्या, आपण देव्हाऱ्याला लावतो तसं.

जानेवारीच्या शेवटी मी भरवलेल्यांपैकी एक पिल्लू सोडायच्या यादीत आलं. अंगावरची तपकिरी लव गळून निळसर राखी पिसं आली होती, त्या वयाच्या पिल्लांना तिथे निळीच म्हणतात. छातीवर अजून ठिपके नाहीत, ते वर्षाने येतात. पोहण्याच्या हौदात बराच वेळ ठेवून बाहेर काढलं तरी आतली लव कोरडी निघाली, वजन भरलं, कातडीखाली ओळखीची चिप बसवली. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यांतून सहा जणांना बोल्डर्सजवळच्या पुळणीवर नेलं. माझं खोकं मांडीवर होतं आणि वाटभर आतून चोच घासल्याचा आवाज येत होता.

खोकी आडवी केली. पाच जणं एकमेकांच्या मागे धावत गेली. माझं तिथेच उभं. त्याला समुद्र कुणी दाखवला नव्हता. आईबापही पिल्लाला पोहायला शिकवत नाहीत, मासा धरायला शिकवत नाहीत, ते एकटंच जातं. एक लाट पायाला लागून परत गेली, तेव्हा ते मागे सरलं. दुसरी आली ती त्याला उचलूनच घेऊन गेली. थोडं पुढे ते बदकासारखं तरंगत राहिलं आणि मग त्याने डोकं पाण्यात घालून खाली बघितलं. वर काढलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा डोकं गेलं आणि मागोमाग सगळं अंग गेलं.

मी मोजायला लागले. वीसच्या पुढे गेल्यावर बाईंनी माझा हात धरला. सत्ताविसाला ते वर आलं, मला वाटलं होतं त्याहून खूप डावीकडे, खडकांच्या पलीकडे, जिथे पाणी काळं दिसत होतं.